मुख्य अर्जदार

१ जानेवारी २०२४, सकाळी

ही वही कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे हिच्यात खरं तेवढंच लिहीन. खरं असं आहे की पुढचा एक जानेवारी मला कॅनडात उजाडणार. पर्मनंट रेसिडेन्स. स्किल्ड वर्कर म्हणून. मागच्या दाराने नाही, डॉक्युमेंट्स दाखवून.

सगळा पॉइंट्सचा मामला आहे. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव. आपण प्रोफाइल टाकायचं, टोटल चांगली असली की ते स्वतः बोलावणं धाडतात. वयाचे पॉइंट्स तेवढे दर वाढदिवसाला कमी होतात. मला ऑगस्टमध्ये चाळीस पूर्ण होतील, म्हणजे वेळ भरपूर आहे.

संकल्प. रोज इंग्रजीत विचार करायचा. थंडीची सवय करायची. आणि काम होईपर्यंत कोणाला एक अक्षर सांगायचं नाही.

१ जानेवारी, दुपारी

वॉचमन, दूधवाला, सोसायटीचे सेक्रेटरी आणि खालच्या मजल्यावरच्या गयाबाई यांना सांगून झालं. गयाबाई म्हणाल्या, मग आईचं हितं कोण बघनार? बाईंना व्हिजन नाही. आईला मागाहून नेणारच आहे. आईशी अजून बोललो नाही एवढंच.

८ जानेवारी

उल्हासनगर कॅम्प दोनला मुकेश सेठचं चेन-बटणांचं होलसेल दुकान आहे, तिथे मी चौदा वर्षं काढली. सेठ मला मॅनेजर म्हणतो, निदान गिऱ्हाईक समोर असताना. फॉर्ममध्ये मी ‘सप्लाय चेन मॅनेजर’ निवडलंय. खोटं काहीच नाही. सप्लाय करतो, आणि चेनच करतो.

सेठकडे अनुभवाचं लेटर मागितलं. म्हणाला, अरे साईं, कॅनडा! लेटर क्या, दस लेटर देगा. तू जा कब रहा है वो पक्का बोल. मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत. त्याने लगेच कॅलेंडर उलटून डिसेंबरच्या पानावर गोल केला. चौदा वर्षांत सेठने माझ्याबद्दल एवढी आस्था कधी दाखवली नव्हती.

१४ जानेवारी

थंडीची सवय सुरू. हॉलमधला एसी सोळावर, मी बनियनवर. आई शाल, स्वेटर, मफलर घालून टीव्हीसमोर. म्हणाली, सुज्या, मेल्या, तू कॅनडाला जायच्या आधी मला कुठं पाठवतोस? मला हसू आलं. नंतर ती बराच वेळ खोकत होती. सुरुवातीला होतं असं.

२ फेब्रुवारी

मनालीला इंग्रजीच्या परीक्षेला बसवायचं ठरवलं. मनाली म्हणजे माझी बायको. अंबरनाथ पूर्वेला एका हॉस्पिटलात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. नवऱ्याच्या अर्जात बायकोच्या इंग्रजीचेही थोडे पॉइंट्स मिळतात, हे मी शोधून काढलं. तिला सुचलं नसतं.

फॉर्ममध्ये दोन जागा असतात, मुख्य अर्जदार आणि स्पाउस. तिने विचारलं, अहो, दोघांपैकी ज्याचे पॉइंट्स जास्त त्याला मुख्य करायचं असतं ना? मी म्हटलं, टेक्निकली हो. पण आपल्या घरात मुख्य कोण, हे कॅल्क्युलेटर ठरवणार का? ती ड्युटीचा डबा भरायला उठली. पटलं असावं.

९ मार्च

परीक्षा झाली. स्पीकिंगला तर मी त्या परीक्षक बाईंना तोंडच उघडू दिलं नाही. बटणांच्या धंद्यापासून जागतिक शांततेपर्यंत बोललो. बाई शेवटी घड्याळ दाखवत होत्या. भारावल्या होत्या.

२३ मार्च

निकाल. रीडिंग साडेचार, रायटिंग पाच, लिसनिंग पाच, स्पीकिंग साडेपाच. चारही ठिकाणी सहा लागतात. पण बेरीज वीस होते, हे कोणी बघत नाही.

मनालीला दोन ठिकाणी आठ, दोन ठिकाणी साडेसात. आयसीयूत दिवसभर मशीनचे आवाज ऐकून कान तयार झालेले असतात. असो. फायदा माझ्याच अर्जाला.

५ एप्रिल

प्रोफाइल भरलं. वेबसाइट म्हणते, तुम्ही पात्र नाही. ब्राउझर बदलून भरलं. पात्र नाही. स्टेशनजवळच्या सायबरमध्ये जाऊन भरलं, तिथेही तेच. यांचा सर्व्हर फार कच्चा आहे. एवढा मोठा देश, पण आयटी बघा.

१७ एप्रिल

नवीन भानगड. मनालीला दोन नावं आहेत. माहेरची ती किर्ती शंकर ठोंबरे. मनाली हे नाव मी ठेवलं. लग्नाआधी एका बटण कंपनीने होलसेलवाल्यांना मनालीची ट्रिप दिली होती, सेठला वेळ नव्हता म्हणून मी गेलो, आणि तिथली हवा मला फार आवडली. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने मीच लिहिलं. म तर असा वळणदार आला होता! ती ताटाकडे बराच वेळ बघत राहिली होती. अक्षर आवडलं असणार.

आता तिच्या मार्कशीटवर आणि नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनवर किर्ती, आणि पासपोर्टवर, आधारवर, मतदार यादीत मनाली. तिकडच्यांना वाटणार या दोन बाया आहेत. मी म्हटलं, जुने कागद बदलून घे. ती म्हणाली, जुन्या कागदांवर चूक काहीच नाही. मग म्हणाली, बघते मी, एकदाचं नाव एकच करून टाकते.

हे मला आवडलं. घरातल्या बाईने असा पुढाकार घ्यायला हवा. नाव कुठलं ठेवणार, हे विचारायची गरजच नव्हती.

२१ मे

बाईक विकली. कॅनडात बर्फात बाईकचं काय काम? दुकानात जायला लोकल आहेच. गयाबाईंनी विचारलं, तारीख आली का? म्हटलं, सर्व्हरवर आहे.

१८ जून, सकाळी

बेल वाजली. दारात पोलीस. पासपोर्ट व्हेरिफिकेशनला आलोय म्हणाला. विचारलं, किर्ती शंकर ठोंबरे इथेच राहतात?

मी म्हटलं, या नावाचं इथे कोणी राहत नाही. तो म्हणाला, पत्ता तर हाच आहे. मी म्हटलं, साहेब, पत्ता काय, कोणीही कोणाचाही देतं. मी स्वतः इमिग्रेशनचं बघतो, मला असले प्रकार माहीत आहेत. असं मुद्देसूद पटवलं की तो ‘सदर व्यक्ती राहत नाही’ असं खरोखर लिहायला लागला.

तेवढ्यात आई मफलर सोडत बाहेर आली. म्हणाली, राहते की. रातपाळी करून आलीय, झोपलीय आत. आणि वळून हाक मारली, किर्ती, ए किर्ती, ऊठ गं, पोलीस आलेत तुझ्या पासपोर्टचे.

ती आली, सही केली. पोलिसाने माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, मिस्टर.

१८ जून, संध्याकाळी

हा काय प्रकार, असं विचारलं. ती म्हणाली, नाव बदलल्याचं गॅझेट महिनाभर टीपॉयवर ठेवलंय, तुम्ही त्याच्यावर चहाचा कप ठेवता. जाऊन बघितलं. कपाचा गोल डाग होता, आणि डागाच्या मधोमध किर्ती.

मी म्हटलं, लग्नात तांदळावर लिहिलेलं नाव असं पुसून टाकायचं असतं का? ती म्हणाली, अहो, त्या तांदळाचा त्याच दिवशी भात झाला. तुम्ही दोनदा वाढून घेतलात.

राग आला असं लिहिणार होतो. राग नव्हता.  सोळावरचा एसी वीसवर केला. हे नाव तुला विचारून बदललं का, असं आईला विचारलं. आई म्हणाली, मी तिला पहिल्यापासून किर्तीच म्हणते. तू घरात असलास की मनाली म्हणते.

७ जुलै

मनाली म्हणाली, मी माझा वेगळा अर्ज टाकते. म्हटलं, टाक. सराव होईल, पुढे माझ्या अर्जाला कामी येईल. तिने तासाभरात भरलं. वेबसाइटने पात्र म्हटलं. सर्व्हर सुधारलाय वाटतं. लगेच माझं भरून बघितलं. पात्र नाही.

१४ ऑगस्ट

वाढदिवस. चाळीस. आजपासून वयाचे पॉइंट्स आणखी कमी. पण वय वाढलं की मॅच्युरिटी वाढते, आणि त्याची नोंद कुठेतरी होत असेलच.

दुकानात सेठने केक आणला. सोबत अल्पेश म्हणून एक नवा माणूस, अंबरनाथ पूर्वेचा, बी.कॉम. सेठ म्हणाला, इसको सब दिखा दे, कौनसा माल किधर, कौन पार्टी उधार मारती है, सब. मी जाण्याआधी दुकान मार्गी लागावं म्हणून माझ्या हाताखाली वारस तयार करतोय सेठ. अल्पेशला केकचा मोठा तुकडा मिळाला.

५ सप्टेंबर

मनालीला बोलावणं आलं. हॉस्पिटलवाल्यांची त्यांनी वेगळी यादी काढली म्हणे. मला आलं नाही. मोठ्या सिस्टीममध्ये अशा गफलती होतात.

ती समोर बसली आणि अगदी सावकाश बोलली. म्हणाली, अहो, आपण दोघं जाऊ. माझ्या अर्जात तुम्ही स्पाउस म्हणून या. तुम्हाला परीक्षा नाही, पॉइंट्स नाहीत, काही नाही. फक्त ‘सोबत येणार’ म्हणून एक टिक. आईंचंही मी बघते.

मी म्हटलं, दोन दिवसांवर गणपती आलेत, आत्ता हे विषय नकोत.

२२ सप्टेंबर

गणपती गेले. तिने पुन्हा विचारलं. बोलावणं कायम टिकत नाही म्हणे, मुदतीत भरावं लागतं. आईही म्हणाली, जा रे बाबा तिच्याबरोबर, माझं मी बघीन.

दोघींना एकदा नीट सांगितलं. या घरातला मुख्य अर्जदार मी आहे. बायकोच्या फाइलला टाचणी लावून जाणारा माणूस मी नव्हे. तू तुझा अर्ज भर, अनुभव घे. माझं बोलावणं आलं की त्यात मी तुला घेईनच.

ती म्हणाली, मग तुमच्या नावापुढे काय लिहू? येणार की येणार नाही? मी म्हटलं, लिही, येणार नाही. तिने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, एकदा सांगितलं ना.

तिने टिक केली. मग बराच वेळ नुसती स्क्रीनकडे बघत बसली. असं बघताना मी तिला पूर्वी कधीतरी पाहिलंय, कुठे ते आठवेना. जेवताना मी भात दोनदा घेतला.

१९ ऑक्टोबर

आज माझं मेडिकल झालं! सोबत न जाणाऱ्या नवऱ्याचंही करावं लागतं म्हणे, म्हणजे पुढेमागे तिला मला बोलावून घेता यावं. मनालीने स्वतः अपॉइंटमेंट घेतली, स्वतः मुंबईला घेऊन गेली. छाती, रक्त, लघवी, सगळं उत्तम. कॅनडाच्या दृष्टीने मी आतून एकदम फिट आहे. प्रोफाइल व्हायच्या आधी मेडिकल झालेला माणूस माझ्या माहितीत दुसरा नाही.

परत येताना ती म्हणाली, काही दुखत असेल तर सांगत जा, अंगावर काढत जाऊ नका. अचानक काय झालं हिला?

१० नोव्हेंबर

मनाली मला स्वयंपाक शिकवतेय. भाताला किती पाणी, डाळीला किती शिट्ट्या, कणीक किती सैल. गॅसचं पुस्तक कुठे, सोसायटीच्या पावत्या कुठे. हेतू माझ्या लगेच लक्षात आला. कॅनडात बाई मिळत नाही, सगळं स्वतः करावं लागतं. ती मला तयार करतेय.

आईच्या बीपीच्या गोळ्यांचे डबे केले. एकावर सूर्य काढलाय, एकावर चंद्र. माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा मी इंग्रजीत म्हणून दाखवलं. ती हसली, आणि मग पदराने डोळे पुसत आत गेली. फोडणीचा धूर होता.

३० नोव्हेंबर

परीक्षा, तिसरी वेळ. रीडिंग चार. खाली येतोय, पण एका दिशेने येतोय.

१४ डिसेंबर

सेठने केबिनमध्ये बोलावून काजूकतली दिली. म्हणाला, तो साईं, इस महिने के बाद अपना हिसाब क्लियर. मला समजेना. म्हटलं, सेठ, जरा लेट होतंय, सर्व्हर... सेठ म्हणाला, अरे तूने ही बोला था डिसेंबर. मैंने अल्पेश को जुबान दिया, उसने उधर पुरानी नौकरी छोडी. आणि कॅलेंडरवरचा गोल दाखवला.

गोडाऊनच्या चाव्या अल्पेशला दिल्या. तो पाया पडायला वाकला, मी पडू दिलं. चालत स्टेशनला आलो. हात रिकामे रिकामे वाटत होते, चाव्यांची सवय.

घरी मनालीला सांगितलं की मी रिझाइन केलं, पूर्णवेळ अर्जाकडे बघणार. तिने ताट वाढलं.  विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं.

१ जानेवारी २०२५

उजाडलं. इथेच, आमच्या बेलवलीत. थंडी मात्र यंदा बदलापुरात चांगली आहे.

संकल्प मागचेच.

१ मार्च

मनालीचं पर्मनंट रेसिडेन्स झालं. मेल आला तेव्हा ती ड्युटीवर होती, तिथून तिने आईला फोन केला. आईने मला सांगितलं. मग आईने देवापुढे साखर ठेवली. मला म्हणाली, घे, चिमूटभर तरी घे.

२९ मार्च

मनाली आज गेली. तिकिटावर किर्ती ठोंबरे. पुढे जाऊन घर, बाजार, बस वगैरे बघून ठेवेल. कोणीतरी आधी जायलाच लागतं.

निघताना ती आईच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या. आईने तिच्या गळ्यात स्वतःचा मफलर गुंडाळला. मग ती माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, अहो, मी तिथून तुम्हाला बोलावू शकते, मेडिकल करून ठेवलंय त्यासाठीच. यायचं असेल तर सांगा. यायचं नसेल तरी सांगा. पण काहीतरी सांगा.

मी म्हटलं, माझ्या प्रोफाइलचं चालू आहे, तू तुझं बघ. ती म्हणाली, बरं. मग गाडीत बसली. मी हात हलवला तेव्हा ती फोनवर विमानतळाचा रस्ता बघत होती.

३० मार्च

भाताला पाणी जास्त झालं. आईने ताक घालून खाल्ला.

११ मे

आई म्हणाली, तिने पुन्हा विचारलंय, यायचं का? फॉर्म भरायला घेऊ का? म्हटलं, सांग, परीक्षेनंतर बघू. आई म्हणाली, तू सांग की, तुला तोंड आहे. मी फोन हातात घेतला, मग इंग्रजीत कसं सांगावं याचा विचार करत बसलो. इंग्रजीची गरज नव्हती, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१९ जून

सकाळी बेल. मतदार यादी तपासायला शाळेतल्या बाई आल्या होत्या, घामाघूम. आत बसवलं. एसी लावणार होतो, पण रिमोट हल्ली आईकडे असतो.

आई आतल्या खोलीत किर्तीशी व्हिडिओवर बोलत होती. तिकडे रात्र, ती नुकतीच ड्युटीवरून आली असणार. दार लोटलेलं होतं. दोघी कशावर तरी हसत होत्या. मी आत गेलो की थांबतात, म्हणून मी जात नाही.

बाईंनी यादीवर बोट ठेवून वाचलं. भागीरथी बाळाजी पालांडे? म्हटलं, आई, आत आहे. मनाली सुजित पालांडे?

मी म्हटलं, या नावाचं इथे कोणी राहत नाही.

बाई म्हणाल्या, मयत की स्थलांतरित? म्हटलं, स्थलांतरित. त्यांनी विचारलं, तात्पुरतं की कायम?

आत किर्तीचा आवाज ऐकू येत होता. काय बोलते ते कळत नव्हतं, पण आवाज तिचाच होता, खुशीत असली की असतो तसा. असा आवाज मी या घरात किती वर्षांत ऐकला नव्हता ते आठवायला लागलो. बाई पेन धरून थांबल्या होत्या.

कायम, म्हटलं.

त्यांनी नावावर रेघ मारली. मग पुढचं नाव वाचलं, सुजित बाळाजी पालांडे? म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, आणि तुम्ही? तुम्ही पण जाणार आहात का कुठे?

वॉचमन, दूधवाला, सेक्रेटरी, गयाबाई, आख्खा कॅम्प दोन, सगळ्यांना सांगून झालंय. या बाई तेवढ्या राहिल्या होत्या.

नाही, म्हटलं, मी इथेच.

त्यांनी माझ्या नावापुढे टिक केली आणि पाणी मागितलं. पॉइंट्स विचारले नाहीत.